‘सगळ्यांकडे आहेत तसेच’ बूट घेताना

थोरलीचे निळे बूट अजून कपाटाच्या तळाशी पडून आहेत. एकदाच पायात गेलेले. ती १२ वर्षांची असताना मी ते निवडले होते आणि निवडताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं, कारण त्याआधी आठ वर्षं मी बुटांच्या दुकानात लोकांचे पाय मोजण्याचं काम केलं होतं. चवड्याला ऐसपैस जागा, टाचेला भक्कम आधार, सोल वाकायला हवा तिथेच वाकणारा. पहिल्याच दिवशी ती शाळेतून आली, बूट काढून कपाटात ठेवले आणि काहीच बोलली नाही. पुढचे दोन महिने ती जुन्याच, आखूड झालेल्या बुटांत पाय कोंबून जात राहिली. मला कळलं ते तिच्या अंगठ्याचं नख मांसात रुतून बोट सुजलं तेव्हा.

पाय मोजता येणाऱ्या बाईच्या घरी हे झालं! तेव्हापासून ११ ते १४ वयाच्या मुलांचे बूट घ्यायचे असले की मी तीन मापं धरते. पायाची लांबी, पायाची रुंदी आणि वर्गात तो बूट घालून जाता येईल का हे. तिसरं माप चुकलं तर पहिली दोन बरोबर असूनही उपयोग होत नाही. बूट कपाटात राहतो आणि पाय जुन्या बुटात.

म्हणून सुरुवात दुकानात नको, घरी करा.

नेमकं काय हवंय ते काढून घ्या

‘मला पांढरे हवेत’ असं धाकटा म्हणाला तेव्हा मी पांढऱ्या रंगाचे पाच-सहा बूट दाखवले. प्रत्येकाला नाक मुरडलं. तीन दिवसांनी उलगडा झाला. पांढरा रंग दुय्यमच होता. त्याला हवा होता जाड, सपाट सोलचा, गुळगुळीत चामड्यासारखा दिसणारा बूट. मी दाखवत होते ते जाळीच्या कापडाचे, पळायचे बूट. त्याच्या दृष्टीने मी पूर्णपणे वेगळीच वस्तू दाखवत होते, आणि माझ्या दृष्टीने तो हट्ट करत होता.

या वयाच्या मुलांना आपल्याला काय हवंय ते दिसतं, पण सांगता येत नाही. त्यामुळे ‘कुठला हवा?’ असं विचारून भागत नाही. ‘कुणाच्या पायात बघितलास?’ असं विचारा. फोटो दाखवायला सांगा, तीन वेगवेगळ्या बुटांचे. मग त्या तिघांत समान काय आहे ते तुम्ही शोधा: सोलची जाडी, बाजूवरची खूण, घोट्याच्या वर जाणारा की खाली राहणारा, कापड की चामडं. बहुतेक वेळा एकच गोष्ट खरी महत्त्वाची असते आणि बाकीच्यांवर तडजोड होते. ती एक गोष्ट कळली की निम्मी खरेदी झाली.

मी आणखी एक करते. शाळा सुटताना फाटकापाशी दहा मिनिटं उभी राहते आणि चेहऱ्यांकडे न बघता पायांकडे बघते. सुरुवातीला जरा ओशाळल्यासारखं होतं. पण ‘सगळ्यांकडे आहेत’ म्हणजे नक्की किती जणांकडे, हे तिथे समजतं. कधी खरंच निम्म्या पायांत तेच असतात, कधी तिघांच्याच, पण ते तिघं म्हणजे वर्गातले कोण, हे तुमच्या मुलाला ठाऊक असतं. दुकानाच्या काचेतल्या ‘नवीन आलेले’ फळीवर विसंबू नका. तिथे असतं ते दुकानदाराला खपवायचं असतं. शिवाय ज्या मुलाला चारचौघांत मिसळून जायचंय त्याला सगळ्यांच्या आधी नवा बूट घालून जाणं तितकंच जड जातं जितकं सगळ्यांच्या नंतर. त्याला हवी असते दुसरी लाट. पहिल्या चार-पाच जणांनी घातले, कुणी हसलं नाही, आता मीही घालतो.

म्हातारे बूट

मुलं ज्याला ‘एकदम नवीन’ म्हणतात ते बरेचदा तुमच्याआमच्यापेक्षा वयाने मोठं असतं. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७चा, बास्केटबॉलसाठी काढलेला. प्यूमाचा स्वेड १९६८चा, आदिदासचा सुपरस्टार १९६९चा. व्हॅन्सचा ओल्ड स्कूल, तो बाजूवर नागमोडी पट्टा असलेला, १९७७चा. नायकीचा एअर फोर्स १ आला १९८२ मध्ये, पहिला एअर जॉर्डन १९८५ मध्ये, न्यू बॅलन्स ५७४ हा १९८८ मध्ये. हे बूट दर काही वर्षांनी डोकं वर काढतात, मग थोडे मागे पडतात, पण कधीच इतके मागे पडत नाहीत की घालणाऱ्याला हसावं. मूल गोंधळलेलं असेल, ‘काय घेऊ ते कळत नाही’ म्हणत असेल, तर मी याच मंडळींतून निवडायला लावते.

प्रत्येकाचा स्वभाव मात्र वेगळा. ऑल स्टार आणि ओल्ड स्कूल दोन्ही पातळ, सपाट सोलचे. वर्गात बसायला, रस्त्याने चालायला ठीक, पण मैदानावर दोन तास उड्या मारायला नाहीत. ऑल स्टार निमुळताही आहे आणि नेहमीच्या मापापेक्षा थोडा मोठा येतो, तेव्हा अर्धं माप खालचंही घालून बघा. आदिदासचाच सांबा अरुंद. रुंद चवड्याच्या मुलाला तो घेऊन देणं म्हणजे करंगळीला शिक्षा. सुपरस्टारच्या पुढच्या टोकाला रबराचं कडक कवच असतं, ते सैल पडत नाही, त्यामुळे तिथे बोट आज लागत असेल तर सहा महिन्यांनीही लागेल. एअर फोर्स १ वजनाला जड आणि चवड्यापाशी लवकर सुरकुततो. काही मुलांना त्या सुरकुत्यांचं इतकं वाईट वाटतं की ती पाय न वाकवता बदकासारखी चालतात. (मी पाहिलंय.) ५७४ पुढून जरा ऐसपैस आहे, रुंद पायाच्या मुलांना मी तोच आधी पायात घालायला देते. क्रॉक्स २००२चे, हलके आणि सुटीच्या दिवशी छान, पण टाच मोकळी राहते, म्हणून पळापळीला नकोत.

आणि वर्गात आदिदासवाले विरुद्ध प्यूमावाले असे गट पडले असतील तर मुलांना जरूर सांगा की हे दोन्ही ब्रँड एकाच घरातले आहेत. जर्मनीतल्या हर्झोगेनआउराख गावात दोन डास्लर भावांचं बिनसलं; रुडॉल्फने १९४८ मध्ये प्यूमा काढली, आडॉल्फने १९४९ मध्ये आदिदास. गावाच्या भांडणातून निघालेले बूट वर्गातही भांडतायत. धाकट्याला हे इतकं आवडलं की त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ऐकवलं. गट मोडले नाहीत, पण त्याचा भाव वाढला.

माप

इथे मात्र मुलाचं मत चालत नाही, आकडाच चालतो.

पाय संध्याकाळी मोजा, दिवसभरात तो थोडा फुगतो. शाळेत जे मोजे घालतात तेच घालून. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, मुलाला टाच भिंतीला टेकवून उभं करा. बसून मोजलेला पाय खोटा असतो, अंगाचं वजन पडलं की तो पसरतो. सगळ्यांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल तो धरा. मग चवड्याचा सर्वांत रुंद भाग. पायाच्या लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवा. बुटाच्या आत एवढी जागा हवी.

आता आकड्यांची गंमत. ब्रिटिश आणि अमेरिकी मापात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडं वर. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे एकातून दुसऱ्यात नेताना नेहमी थोडं इकडेतिकडे होतं. शिवाय ब्रिटिश-अमेरिकी पद्धतीत मुलांचे नंबर १३ च्या आसपास संपतात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. दुकानात एक आजोबा माझ्याशी चांगलेच भांडले होते. ‘गेल्या वर्षी तेरा नंबर होता, आता तुम्ही दोन सांगताय, पोराचा पाय आटला का?’ मी गप्प राहून त्यांना दोन नंबर घालून दाखवला.

या गोंधळातून सुटायचं असेल तर बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर बघा. अमेरिकी, ब्रिटिश, युरोपीय आकड्यांच्या शेजारी बरेचदा सेंटिमीटरचाही आकडा असतो. तो जपानी पद्धतीचा, पायाच्या लांबीवर बेतलेला. तुमच्या कागदावरच्या पायाच्या लांबीशी (वरचे १०-१२ मिलिमीटर न मिळवता) थेट ताडून बघता येतो. ब्रँड बदलला की नंबर बदलेल, कागद बदलणार नाही.

११ ते १४ हे वय सीमेवरचं आहे. त्यांचा पाय मुलांच्या मापांच्या शेवटाला आणि मोठ्यांच्या मापांच्या सुरुवातीला असतो. अनेक मॉडेल दोन्हीकडे निघतात आणि मुलांच्या मापातलं बहुधा स्वस्त असतं, कधी साहित्य जरा साधं असतं इतकंच. अमेरिकी मापात मुलांचा साधारण ७ नंबर म्हणजे पुरुषांचाही ७, आणि बायकांच्या मापातून मुलांच्या मापात यायचं तर दीड वजा करायचा: बायकांचा ७ म्हणजे मुलांचा साडेपाच. मुलीसाठी घेताना दोन्ही फळ्या बघा.

पायात घालून बघताना

बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघण्याची जी पद्धत आहे, ती मुलं सहज चुकवतात. बूट हवाच असेल तर मूल आत बोटं आखडून घेतं आणि तुमच्या अंगठ्याला भरपूर जागा लागते. मी आठ वर्षांत किती वेळा फसले असेन! त्यावर एकच रामबाण आहे. बुटातला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मुलाला त्यावर उभं करा. बोटांपुढे ती १० ते १२ मिलिमीटर जागा आहे का, करंगळी कडेबाहेर जाते का, सगळं डोळ्यांनी दिसतं. तळ चिकटवलेला असेल तर कागदावरचा पाय कापून त्याचा साचा बुटात सरकवा.

‘कसा वाटतो?’ असं विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे. ‘कुठे लागतो?’ असं विचारा. मग मूल विचार करतं. दहा मिनिटं पायात ठेवायला लावा, जिना चढा-उतरायला लावा, उकिडवं बसायला लावा. उतरताना बोटं पुढे आदळत असतील तर ते चेहऱ्यावर दिसतं, तोंडाने ‘मस्त आहे’ म्हणत असलं तरी. टाच चालताना वर-खाली घसरत असेल तर लेसचं सर्वांत वरचं भोक वापरून घट्ट बांधून बघा; तरी घसरली तर तो बूट नको. बुटाची बाजू सोलच्या कडेवरून बाहेर फुगली असेल तर रुंदी कमी पडतेय.

विक्रेता ‘घालून घालून सैल होईल’ म्हणतो ते अर्धंच खरं. मीही म्हणत असे, कबूल करते. चामडं रुंदीला थोडं सोडतं. लांबीला कधीच नाही.

‘वाढत्या पायाचे आहेत, दोन नंबर मोठेच घे’ हेही नको. पाय आत सरकतो, तो थोपवायला बोटं नख्यांसारखी आत वळतात, टाचेला फोड येतात. या वयात पाय उंचीच्या आधी वाढतो, झपाट्याने. मुलींचा साधारण १२ ते १४ च्या दरम्यान थांबतो, मुलांचा आणखी दोनेक वर्षं चालतो. कुठला महिना झपाट्याचा असेल ते कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून सवलत मिळतेय म्हणून पुढच्या वर्षाचा जोड आजच घेऊन ठेवू नका, आणि दर तीन महिन्यांनी तळ बाहेर काढून पुन्हा उभं करा.

खेळासाठी वेगळे बूट शक्य असतील तर ठेवा. या वयात टाचेच्या हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते, आणि पळण्याउड्यांनी तिथे दुखणं हे ८ ते १४ वयात बरंच दिसतं. सपाट, पातळ सोल त्यात भर घालतात. मूल टाच उचलून किंवा लंगडत चालायला लागलं तर बूट बदलून बघत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

पैसे

आकडा घरी सांगायचा, दुकानात नाही. दुकानात सांगितलेला आकडा मुलाला अपमान वाटतो, घरी सांगितलेला नियम वाटतो. आमच्याकडे असं आहे: चांगल्या, साध्या बुटाला जेवढे लागतात तेवढे मी देणार. नावासाठीचा वरचा फरक ज्याचा त्याने आपल्या साठवणीतून भरायचा. धाकट्याला एकदा एका मर्यादित संख्येत निघालेल्या बुटाने झपाटलं होतं. फरक जमवायला पाच आठवडे लागणार होते. चौथ्या आठवड्यात त्याने जमलेले पैसे स्वतःहून मोजले, थोडा वेळ डब्याकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘आई, त्यातला साधा रंगही चालेल.’

तोच बूट नावडत्या रंगात पुष्कळ स्वस्त मिळतो. पण घेण्याआधी रंग हीच ती ‘एक गोष्ट’ नाही ना, याची खात्री करा. लेस बदलून बरंच काही साधता येतं, हेही मुलांना सुचवून ठेवा.

नकली मात्र घेऊ नका. अनोळखी ब्रँडच्या बुटाकडे वर्गाचं लक्षच जात नाही. नकली बूट दुसऱ्या तासाला ओळखला जातो, आणि मग जे होतं ते निळ्या बुटांपेक्षा वाईट. खोक्यावरच्या लेबलवरचा मॉडेलचा कोड आणि बुटाच्या आतल्या लेबलवरचा कोड एकच आहे का बघा. तो कोड इंटरनेटवर टाकला तर तोच बूट, त्याच रंगात दिसायला हवा. शिवण वाकडी, डिंकाचे ओघळ, नाकाला झोंबणारा वास, तर परत ठेवा.

वापरलेला जोड वाईट नसतो. या वयात बूट झिजण्याआधी लहान होतात, त्यामुळे चांगले मिळतात. उलटा करून सोल बघा. टाच एका बाजूने झिजली असेल तर तो पहिल्या मालकाच्या चालीचा झालाय. टाचेमागचा कडक भाग दाबल्यावर पिचला तर नको. तळ नवीन घाला. आणि खोक्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या, ‘एकदाही न घातलेल्या’ जुन्या जोडापासून सांभाळून: मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो आणि पहिल्याच दिवशी पावाच्या चुऱ्यासारखा गळायला लागतो.

एक गोष्ट बुटांपलीकडची. चिडवणं बुटांवरून सुरू झालंय की बूट नुसतं निमित्त आहे, हे विचारून घ्या. नवे बूट आल्यावर दप्तरावरून, मग केसांवरून सुरू झालं, तर पुढचा जोड घेण्याऐवजी शिक्षकांना भेटा.

घरी आणल्यावर

पहिले दोन-तीन दिवस घरातच घाला, मग शाळेत. स्वेड, म्हणजे मऊ लवेचं चामडं, पाण्याने धुऊ नका, कोरडा ब्रश पुरे. पांढऱ्या सोलची कड जुना टूथब्रश आणि सौम्य साबणाने निघते. भिजले तर आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवा, कडक उन्हात किंवा हीटरजवळ डिंक सुटतो आणि पांढरं पिवळं पडतं.

आणि जिभेच्या आतल्या बाजूला नाव लिहा. मी हे विसरले होते. धाकट्याच्या वर्गात अखेर सात जणांकडे तेच बूट झाले, तो खूश. एक दिवस खेळाच्या तासानंतर तो घरी आला तो दुसऱ्याच कुणाचे बूट घालून. मी म्हटलं, ‘अरे, हे तुझे नाहीत, लेस बघ.’ तो चालून बघत म्हणाला, ‘तरीच! आज दिवसभर पाय इतका बरा का वाटतोय.’ जीभ उलटून बघितली तर एक नंबर मोठा. कागद काढला आणि त्याला भिंतीला टाच लावून उभं केलं.